आठ पॅलेटवरची दुसरी ड्यूटी

फेब्रुवारी २०२१. न्हावा शेवाहून रॉटरडॅमला निघालेला द्राक्षांचा एक रीफर, म्हणजे आतून थंड ठेवलेला, कंटेनर. आत वीस पॅलेट, निफाडकडच्या तीन बागांचा थॉमसन माल. बारा पॅलेट नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या दुकानांसाठी, आठ इंग्लंडसाठी. कागद आमच्या वाशीच्या ऑफिसात झाले आणि ते मी स्वतः तपासले होते. शिपिंग बिल, फायटो (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला), लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट (औषधांच्या अंशाचा अहवाल), सगळं जागच्या जागी. बीएल, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, एकच, रॉटरडॅमच्या खरेदीदाराच्या नावानं. कित्येक हंगाम आम्ही असंच करत आलो होतो. कंटेनर रॉटरडॅमला उतरायचा, तिथला एजंट सगळा माल सोडवून घ्यायचा आणि इंग्लंडची पॅलेट ट्रकमध्ये घालून फेरीबोटीवर चढवायचा.

माल वेळेवर पोचला. त्याच मार्चच्या अखेरीस सुएझ कालव्यात एक मोठं जहाज आडवं अडकलं आणि कित्येकांची द्राक्षं समुद्रात थांबली, पण आमचा कंटेनर त्याआधीच पार झाला होता. तरीही इंग्लंडची आठ पॅलेट रॉटरडॅमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पाच दिवस पडून राहिली. सुटली तेव्हा घडांचे देठ तपकिरी पडायला लागले होते. एप्रिलमध्ये हिशेब आला त्यात भाव पडलेला आणि कपातीच्या दोन ओळी: रॉटरडॅमची आयात ड्यूटी आणि त्याच आठ पॅलेटवर इंग्लंडची आयात ड्यूटी. माल कन्साइनमेंटवर होता, म्हणजे तिकडे विकून खर्च वजा जाता उरेल ते बागायतदाराचं, त्यामुळे कपात शेवटी त्याच्याच अंगावर.

तिघांपैकी वयानं मोठे बागायतदार, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, त्यांचा फोन आला.

"साहेब, रॉटरडॅमला ड्यूटी भरली ना? मग इंग्लंडची परत कसली?"

"नाना, इंग्लंड आता त्यांच्यात नाही."

"ते तर गेल्या साली जानेवारीतच बाहेर पडले. टीव्हीवर दाखवलं होतं. गेल्या हंगामात आपला माल गेलाच की बिनबोभाट."

नानांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडलं, पण त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत संक्रमणकाळ होता आणि मालासाठी जुनेच नियम चालू होते. राजकारणातली तारीख एक आणि कस्टम्सची दुसरी. कस्टम्सचे कागद करून देणाऱ्या आमच्यासारख्या क्लिअरिंगवाल्यांनी ही दुसरी तारीख डोक्यात ठेवायला हवी होती. आम्ही ठेवली नाही, चूक आमची होती, आणि आमच्या वाट्याची रक्कम आम्ही त्या तिघांना भरून दिली.

पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की नानांच्या प्रश्नाचं नीट उत्तर मी दिलंच नव्हतं. वीस वर्षं मी "युरोप" असं एकच ठिकाण समजून कागद करत आलो. ते एक ठिकाण झालं कसं, हे या आठ पॅलेटनी मला शोधायला लावलं.

ती ड्यूटी कोणाची होती

पहिली गोष्ट जी मला माहीत नव्हती: रॉटरडॅमला भरलेली ड्यूटी नेदरलँड्सची नसते. डच कस्टम्स ती गोळा करतं आणि वसुलीच्या खर्चापोटी २५ टक्के ठेवून घेतं (२०२० पर्यंत २० टक्के ठेवत असे). उरलेली सगळी युरोपीय संघाच्या सामायिक तिजोरीत जाते. हे न्याय्यही आहे. रॉटरडॅमला उतरलेला बराचसा माल पुढे जर्मनीत किंवा पोलंडमध्ये खाल्ला जातो. मग केवळ बंदर आपल्या किनाऱ्यावर आहे म्हणून डचांनी सगळा कर का खावा?

मी ठाण्याचा, कोपरीचा. आनंदनगरच्या नाक्यावर ट्रकांची रांग बघत मोठा झालो. मुंबईत माल न्यायचा तर मुलुंडला नाहीतर ऐरोलीला जकात भरा, मगच पुढे. नाशिकहून निघालेला टेम्पो एकाच राज्यातून जायचा, तरी वाटेत वेगळ्या नगरपालिकेची हद्द लागली की पावती फाडायची. १९५० पासून आपल्या घटनेच्या ३०१ व्या कलमात देशभर व्यापार मुक्त असेल असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात मुंबईची जकात संपली १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला तेव्हा. आपण आधी एक देश झालो आणि सदुसष्ट वर्षांनी एक बाजार. युरोपात हा क्रम उलटा लागला. तिकडे नाके आधी उठले आणि नाके उठल्यामुळे जे प्रश्न उभे राहिले त्यांच्यापायी एकेक राजकीय संस्था बांधावी लागली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे.

सुरुवात कोळशापासून

१९५० साली फ्रान्स आणि जर्मनी यांच्यामध्ये ऐंशी वर्षांतली तीन युद्धं होती: १८७०, १९१४, १९३९. फ्रान्सच्या लोरेनमध्ये लोहखनिज, जर्मनीच्या रूरमध्ये कोळसा. पोलाद करायला दोन्ही लागतं आणि तोफा करायला पोलाद लागतं. युद्ध संपल्यावर रूरचं काय करायचं, हा फ्रान्सपुढचा खरा प्रश्न होता. जर्मनीला कारखाने चालवू दिले तर भीती, बंद ठेवले तर युरोप उभा राहणार कसा?

९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी तोडगा जाहीर केला. मसुदा मुख्यतः ज्याँ मोने यांचा. दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एकाच वरिष्ठ मंडळाच्या हाती द्यायचं आणि इतर देशांनाही दार उघडं ठेवायचं. १८ एप्रिल १९५१ ला पॅरिसमध्ये सहा देशांनी सह्या केल्या: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग. ऑगस्ट १९५२ पासून मंडळाचं काम लक्झेंबर्गमध्ये सुरू झालं आणि मोने त्याचे पहिले अध्यक्ष झाले. या मंडळाला कंपन्यांवर थेट एक टक्क्यापर्यंत कर बसवता येत होता, देशांच्या सरकारांना न विचारता. तोवर शेजारी देशांच्या करारांत असं कधी घडलं नव्हतं. सरकारं एकत्र बसून ठरवणार हे नेहमीचंच. इथे सरकारांनी एक छोटा अधिकार हातातून सोडला होता.

शुमान यांचा जन्म लक्झेंबर्गचा, घराणं लोरेनचं, आणि जन्मानं ते जर्मन नागरिक. जर्मनीचे चान्सेलर आडेनाउअर ऱ्हाईनकाठचे. इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी जन्मले तेव्हा त्यांचा प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. तिघंही सीमाभागातली माणसं. सीमा सरकली की घरातल्या माणसांचं काय होतं, हे त्यांना नकाशा न बघता कळत होतं. सीमाभाग म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं समजावायला नको.

पण लगेचच मोठी उडी मारायला गेले आणि पडले. सामायिक सैन्य उभारण्याचा करार १९५२ साली झाला; ३० ऑगस्ट १९५४ ला फ्रान्सच्याच संसदेनं तो बाजूला टाकला. सैन्य हा जिवाचा विषय, तो कोणी सहज सोडत नाही. त्यानंतर पुढच्याच वर्षी, जून १९५५ मध्ये, सहाही परराष्ट्रमंत्री सिसिलीतल्या मेसिना इथे भेटले आणि पुन्हा व्यापाराकडे वळले. तिथून निघालेला रस्ता २५ मार्च १९५७ ला रोमच्या करारापाशी पोचला आणि १ जानेवारी १९५८ ला युरोपीय आर्थिक समुदाय सुरू झाला.

तीन टक्के की आठ टक्के

आता जे सांगतो त्यानं माझ्यासारख्या कस्टम्सवाल्याची छाती भरून येते.

व्हान हेंड एन लोस नावाची एक डच वाहतूक कंपनी. सप्टेंबर १९६० मध्ये तिनं पश्चिम जर्मनीतून युरिया-फॉर्मल्डिहाइड आणलं. आधी त्यावर ३ टक्के ड्यूटी होती. मधल्या काळात शुल्काच्या यादीत त्या मालाचं वर्गीकरण बदललं आणि ड्यूटी झाली ८ टक्के. आमच्या धंद्यातला हा रोजचा वाद: माल तोच, पण हेडिंग बदललं की रक्कम बदलते. कंपनीचं म्हणणं होतं की रोमच्या कराराच्या १२ व्या कलमात सदस्य देशांनी आपसातली ड्यूटी वाढवायची नाही असं लिहिलं आहे, मग ही वाढ कशी? डच सरकारचं म्हणणं, करार देशादेशांत झालाय, एका कंपनीला त्यावर बोट ठेवून भांडता येत नाही.

प्रकरण डच शुल्क न्यायाधिकरणाकडून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. ५ फेब्रुवारी १९६३ ला निकाल लागला. करारानं फक्त सरकारांवर बंधनं घातली असं नाही, नागरिकांनाही हक्क दिले आहेत, आणि ते हक्क देशातल्या न्यायालयांनी राखले पाहिजेत. पुढच्याच वर्षी इटलीतल्या एका माणसाच्या विजेच्या बिलावरून गेलेल्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की देशाचा कायदा आणि समुदायाचा कायदा यांची टक्कर झाली तर समुदायाचा वर.

तीन टक्क्यांऐवजी आठ टक्के का, एवढंच एका वाहतूकदारानं विचारलं होतं. त्यातून सहा देशांच्या वर एक कायदा उभा राहिला. संसदेत कोणी भाषण केलं नव्हतं, मोर्चा निघाला नव्हता.

एका ड्यूटीतून संसद

आपसातली ड्यूटी शून्यावर आणि बाहेरच्या मालावर सगळीकडे एकसारखी ड्यूटी, हे काम १ जुलै १९६८ ला पूर्ण झालं. ठरलेल्या मुदतीच्या दीड वर्ष आधी. तारीख आपल्या जीएसटीचीच, १ जुलै.

नानांच्या दुसऱ्या ड्यूटीचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. शेजारी देश दोन प्रकारे व्यापार मोकळा करू शकतात. पहिला प्रकार मुक्त व्यापाराचा: तुझ्या घरात बनलेला माल माझ्याकडे बिनशुल्क, माझा तुझ्याकडे, पण तिसऱ्याच्या मालावर किती ड्यूटी लावायची ते ज्याचं त्यानं बघायचं. इथे प्रत्येक वेळी माल कुठला हे विचारावं लागतं, नाहीतर तिसऱ्याचा माल स्वस्त दारानं आत शिरेल. दुसरा प्रकार शुल्कसंघाचा: बाहेरची भिंत सगळ्यांची एकच. एकदा भिंतीच्या आत आलेला माल कुठला हे पुन्हा कोणी विचारत नाही. निफाडचं द्राक्ष रॉटरडॅमला ड्यूटी भरून आत गेलं की ते म्युनिकला, माद्रिदला, वॉर्साला डच द्राक्षासारखंच फिरतं.

हे वाचताना हिशेबाचं वाटतं, पण दुसरा प्रकार स्वीकारला की राज्यकारभार आलाच. भिंत एक, म्हणजे तिची उंची कोणीतरी एकानं ठरवायची. त्यामुळे भारताला व्यापार करार करायचा तर बर्लिनशी किंवा पॅरिसशी बोलून भागत नाही. २००७ ला सुरू झालेल्या, २०१३ ला थांबलेल्या आणि २०२२ ला पुन्हा सुरू झालेल्या वाटाघाटी ब्रसेल्सच्या आयोगाशीच, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाशीच, झाल्या. भिंत एक, म्हणजे दारावर जमलेला पैसाही सामायिक. १९७० साली तसा निर्णय झाला. मग सामायिक पैसा खर्च कसा करायचा यावर देशोदेशींच्या संसदांचा ताबा राहिना, म्हणून त्याच वर्षीच्या करारानं तोवर फक्त सल्ला देणाऱ्या युरोपीय संसदेला अर्थसंकल्पात अधिकार मिळाले. पैशावर अधिकार असलेली संसद लोकांनी निवडलेली हवी, म्हणून जून १९७९ मध्ये नऊ देशांत थेट निवडणूक झाली. दारावरच्या ड्यूटीपासून मतपेटीपर्यंत अकरा वर्षं.

हे सगळं सरळ रेषेत झालं नाही. १९६५ च्या जुलैपासून राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या फ्रान्सनं सात महिने बैठकींवर बहिष्कार टाकला होता. बहुमतानं निर्णय नको, हे त्यांचं म्हणणं. जानेवारी १९६६ ला तडजोड झाली आणि पुढची वीसेक वर्षं महत्त्वाच्या विषयावर एका देशानं अडून बसायचं, हा पायंडा पडला. आज संघाच्या मंत्रिपरिषदेत, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या बैठकीत, बहुतेक विषय ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या अशा दुहेरी बहुमतानं ठरतात. आपल्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, आणि ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश. दोन्हीकडे प्रश्न एकच: कर एकत्र केला, आता कोणाचं किती ऐकायचं?

ड्यूटी गेली तरी ट्रक सीमेवर थांबतच होते, कारण कागद होते आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे होते. फेब्रुवारी १९८४ मध्ये फ्रान्स-इटलीच्या सीमेवर तासन्‌तास ताटकळलेल्या ट्रकचालकांनी आल्प्समधले रस्तेच अडवले. कळंबोलीत ज्यांनी ट्रकचालकांशी चहा घेतलाय त्यांना त्या संतापाची कल्पना येईल. त्याच जुलैत फ्रान्स आणि जर्मनीनं सीमेवरची तपासणी सैल करायचा करार केला आणि १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीवरच्या एका बोटीत, पाच देशांनी सह्या केल्या. १ जानेवारी १९९३ पासून अंतर्गत सीमांवरची कस्टम्स तपासणी संपली. त्याच वर्षी मास्ट्रिख्टचा करार लागू होऊन "युरोपीय संघ" हे नाव आलं. १९९९ ला युरो हिशेबात आला, २००२ ला खिशात.

एकाच भिंतीचा फटका नानांनी आधीही खाल्ला होता. सप्टेंबर २००८ पासून फळांवरच्या औषधांच्या अंशाची मर्यादा सगळ्या सदस्य देशांत एकच झाली. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे आपल्याकडच्या सीसीसीचा, अंश द्राक्षांत सापडला आणि नाशिकचे कंटेनर युरोपात अडकले. वेगवेगळे नियम असते तर एका देशानं नाकारलेला माल दुसरीकडे वळवता आला असता. आता एकानं धोक्याची सूचना दिली की ती सत्तावीस ठिकाणी जाते.

भिंतीबाहेर

ब्रिटनला हीच भिंत नको होती. आपल्या ड्यूटी आपण ठरवू, आपले करार आपण करू, हा २३ जून २०१६ च्या कौलामागचा एक मोठा मुद्दा होता. बाहेर पडायच्या बाजूनं ५१.९ टक्के मतं पडली. २४ डिसेंबर २०२० ला संघाशी करार ठरला तो पहिल्या प्रकारचा, मुक्त व्यापाराचा. म्हणजे डच टोमॅटो इंग्लंडला बिनशुल्क. पण निफाडचं द्राक्ष रॉटरडॅमला ड्यूटी भरून गेलं तरी जन्मानं भारतीयच. इंग्लंडच्या दारात "माल कुठला?" हा प्रश्न पुन्हा आला आणि दुसरी ड्यूटी लागली. दोन्ही ड्यूटी कायद्यानं बरोबर होत्या. आम्ही ती आठ पॅलेट रॉटरडॅमला सोडवून न घेता ट्रान्झिटच्या, म्हणजे वाटेत ड्यूटी न भरता माल पुढे नेण्याच्या, कागदावर तशीच पुढे काढायला हवी होती. त्यासाठीच्या सामायिक करारात ब्रिटन नव्या वर्षापासून स्वतंत्रपणे होतंच.

नानांनी हे सगळं ऐकून घेतलं, मी निफाडला गेलो होतो तेव्हा, बागेतल्या शेडमध्ये बसून. मग म्हणाले, "मग आपलं आणि शेजाऱ्यांचं असं का नाही झालं?"

दक्षिण आशियाई देशांच्या सार्क संघटनेची स्थापना ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात झाली आणि मुक्त व्यापाराचा करार २००६ पासून लागूही आहे. पण सार्कच्या सनदेतच लिहिलंय की निर्णय सर्वांच्या एकमतानं होतील आणि दोन देशांतले वादाचे विषय चर्चेला येणार नाहीत. युरोपातल्या सहा देशांनी नेमका सगळ्यात वादाचा विषय, रूरचा कोळसा, पहिल्याच दिवशी टेबलावर घेतला होता आणि त्याच्यावर निर्णय घेणारं मंडळ स्वतःच्या वर बसवलं होतं. आपल्याकडे तसा कोळसा कोणता, हे मला ठरवता आलेलं नाही. नाना लगेच म्हणाले, "पाणी." मी त्यावर बराच वेळ काही बोललो नाही.

२०२२ च्या हंगामापासून बुकिंगच्या वेळीच आम्ही इंग्लंडचा माल वेगळा काढतो: वेगळा कंटेनर, वेगळी बीएल, थेट ब्रिटिश बंदरावर. त्या वर्षी रॉटरडॅमच्या खरेदीदाराची एक जादा मागणी आली, चार पॅलेट डब्लिनला पाठवायची. ऑफिसातल्या नव्या मुलीनं विचारलं, "सर, इंग्लंडच्याही पलीकडे आहे ना ते? मग याचेही वेगळे कागद करायचे का?" मी म्हटलं, काही नको, आयर्लंड आत आहे. रॉटरडॅमला ड्यूटी भरली, माल थेट आयर्लंडच्या जहाजावर चढला, इंग्लंडचा किनारा उजव्या हाताला ठेवून पुढे गेला आणि डब्लिनला उतरला. कस्टम्सचा एकही जादा कागद लागला नाही. नानांच्या हिशेबात त्या चार पॅलेटसमोर कपातीची ओळ एकच होती.